टिम हॉर्टनपासून सुरुवात: जुनी हॉकी कार्डं जमवायची कशी

कॅनडात आल्यावर पहिल्या आठवड्यातच आपण सगळे टिम हॉर्टन्सची कॉफी पितो. पण टिम हॉर्टन हा खराखुरा माणूस होता, टोरांटो मेपल लीफ्स या हॉकी टीमचा डिफेन्समन होता आणि १९६४ मध्ये हॅमिल्टनला त्याच्या नावाचं पहिलं डोनटचं दुकान निघालं तेव्हाही तो रोज हॉकी खेळतच होता, हे मला इथे सहा वर्षं काढल्यावर कळलं, आणि तेही खेळाडूचं चित्र छापलेल्या एका छोट्या कार्डामुळे. मुलाची हाउस लीगची मॅच होती, सकाळी सहाला अरिनात कुडकुडत बसले होते, शेजारी एक आजोबा होते त्यांनी पाकिटातून एक जुनं कार्ड काढून दाखवलं आणि म्हणाले, तुझ्या हातातल्या कपावर ज्याचं नाव आहे ना, तो हा. चारही कोपरे गोल झालेले, मधोमध घडीची रेघ, मागे कुणा पोराने पेन्सिलीने बरोबरची खूण केलेली. मला एकदम बाबांचा काडेपेटीच्या छापांचा डबा आठवला. तेच ते, कागदाच्या चिटोऱ्यावरचं प्रेम.

त्यानंतर मी यात पडले ती पडलेच. आता नवीन मराठी मंडळी विचारतात की सुरुवात कुठून करू, किती पैसे लागतात, फसवतात का, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते. आणि हो, इथे हॉकी म्हणजे बर्फावरची. ध्यानचंद यांची हॉकी वेगळी, त्या हॉकीबद्दल हा लेख नाही.

आधी महिनाभर काही घेऊ नका

खरंच सांगते, पहिला महिना एक डॉलरही खर्च करू नका. फक्त बघा. ईबेवर जाऊन जुनी हॉकी कार्डं शोधा, पण विकायला ठेवलेली बघू नका, विकली गेलेली बघा, फिल्टरमध्ये 'सोल्ड' असा पर्याय असतो तो लावायचा. मागितलेली किंमत म्हणजे कुणाचं तरी स्वप्न असतं, विकलेली किंमत हा खरा भाव. एकच कार्ड पाचशेला मागतात आणि तेच दीडशेला जातं हे दहा वेळा डोळ्याने बघितलं की मग विक्रेत्याच्या टेबलावर कुणी काही सांगितलं तरी आपण गडबडत नाही. भाव बघताना डॉलर कॅनेडियन की अमेरिकन हे आधी बघायचं, नवीन माणसाचा सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

टोरांटोत असाल तर यंग आणि फ्रंट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर हॉकी हॉल ऑफ फेम आहे, जुन्या बँक ऑफ मॉन्ट्रियलच्या इमारतीत, एक दिवस काढून जा. कार्डावरची नावं तिथे माणसं होतात. खेळाडू कळला नाही तर कार्डात जीव लागत नाही, हे माझं ठाम मत आहे.

कुठल्या साली काय निघालं, हे पाठ हवं

या छंदाचा कणा म्हणजे सालं. हॉकीचा सीझन ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन पुढच्या वर्षी संपतो, म्हणून कार्डाचं साल नेहमी जोडीने लिहितात, १९५१-५२, १९७९-८० असं.

सगळ्यात आधीची कार्डं सिगरेटच्या पाकिटातली. १९१०-११ मध्ये ३६ कार्डांचा सेट निघाला, बहुधा इम्पीरियल टोबॅकोचा, त्याला सी-५६ म्हणतात. पुढच्या वर्षी ४५ कार्डांचा सी-५५ आला, मग ५० कार्डांचा सी-५७. सी म्हणजे कॅनडातली तंबाखूची कार्डं आणि व्ही म्हणजे कॅनडातली च्युइंगम-गोळ्यांची, ही जुन्या अमेरिकन कॅटलॉगमधली खूण आहे, ती लक्षात ठेवली की यादी वाचताना अडखळायला होत नाही. सी-५५ मध्ये जॉर्ज व्हेझिनाचं कार्ड आहे, मॉन्ट्रियलचा गोलकीपर, १९२५ च्या नोव्हेंबरमध्ये मॅच चालू असताना आजारी पडून बर्फावरून बाहेर गेला तो परत खेळलाच नाही, १९२६ च्या मार्चमध्ये क्षयाने गेला, आजही गोलकीपरची ट्रॉफी त्याच्या नावाने देतात. हे कार्ड आपल्या खिशातलं नाही, पण माहीत पाहिजे.

१९२३-२४ चा विल्यम पॅटरसन कंपनीचा व्ही-१४५-१ हा ४० कार्डांचा सेट. यात २५ नंबरचं बर्ट कॉर्बोचं कार्ड जवळजवळ मिळतच नाही. अख्खा सेट जमवत आलेले लोक आयुष्यभर त्या एका कार्डापाशी थांबलेले असतात. त्या काळचा मोठा खेळाडू हॉवी मोरेंझही याच सेटमधला. मग १९३३-३४ मध्ये ओ-पी-चीने पहिला हॉकी सेट काढला. ओ-पी-ची ही लंडनची कंपनी, पण इंग्लंडचं लंडन नव्हे, आपल्या ओंटारिओतलं लंडन. त्याच काळात पोर्ट क्रेडिटची सेंट लॉरेन्स स्टार्च कंपनी मक्याच्या पाकाच्या डब्यांवर स्कीम चालवायची, बी-हाइव्ह नावाचं सिरप, डब्याचं लेबल पोस्टाने पाठवा आणि खेळाडूचा फोटो मिळवा. १९३४ ते १९६७ इतकी वर्षं चालली ती स्कीम. पोर्ट क्रेडिट म्हणजे आजच्या मिसिसॉगातलं, जिथे आपली निम्मी मंडळी राहतात! कारखान्याच्या जागेवर आता घरं आहेत. मिसिसॉगात राहणाऱ्याने निदान एक तरी बी-हाइव्ह फोटो घरात ठेवावा असं मला मनापासून वाटतं, साधे खेळाडू फार महाग नसतात.

दुसऱ्या महायुद्धात कार्डं बंद पडली आणि पुढची दहा वर्षं मोठा सेटच आला नाही. १९५१-५२ ला पार्कहर्स्ट कंपनीने १०५ कार्डांचा सेट काढला आणि खरी गंमत तिथून सुरू होते. कार्ड अगदी छोटं, पावणेदोन इंच बाय अडीच इंच, छपाई भडक, सगळी माहिती पुढेच. गॉर्डी हाउ, मॉरिस रिशार, टेरी सॉचक या सगळ्यांची रुकी कार्डं याच सेटमध्ये. रुकी कार्ड म्हणजे खेळाडूचं पहिलं रीतसर कार्ड, पहिल्या सीझनचंच असेल असं नाही. रिशार १९४२ पासून खेळत होता, १९४४-४५ मध्ये ५० मॅचमध्ये ५० गोल करून बसला होता, हाउ १९४६ पासून खेळत होता, पण मधल्या काळात कार्डंच नव्हती म्हणून दोघांचंही रुकी १९५१-५२ चं. जुने जमवणारे सांगतात की पार्कहर्स्टवाले ही कापलेली कार्डं सिमेंट कालवायच्या मिक्सरमध्ये घालून फिरवायचे, म्हणजे पाकिटात सगळी मिसळून जावीत म्हणून. त्या सेटची कार्डं बघितली की यावर विश्वास बसतो, धड कोपऱ्याचं कार्ड महत्प्रयासाने सापडतं.

याच सेटमधलं ५२ नंबरचं कार्ड माझं सगळ्यात लाडकं. त्यावर बिल बॅरिल्कोचा गोल आहे, १९५१ चा स्टॅनली कप, म्हणजे हॉकीची सगळ्यात मानाची ट्रॉफी, ज्या गोलवर लीफ्सने जिंकला तो. त्याच ऑगस्टमध्ये मासेमारीहून परत येताना त्याचं छोटं विमान उत्तर ओंटारिओच्या जंगलात पडलं आणि सापडलंच नाही. लीफ्सला पुढचा कप मिळाला थेट १९६२ मध्ये, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच विमानाचे अवशेष मिळाले. पोरांनी पाकीट फोडून हे कार्ड हातात घेतलं तेव्हा तो माणूस कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्याकडे आहे त्याला दोन घड्या आहेत, रंग गेलाय, मी ते कधीच विकणार नाही.

पुढचं भरभर सांगते. टिम हॉर्टनचं रुकी १९५२-५३ पार्कहर्स्ट. जाँ बेलिव्होचं १९५३-५४ पार्कहर्स्ट. १९५४-५५ पासून अमेरिकेची टॉप्स कंपनी उतरली, मग साधारण अशी वाटणी होती की मॉन्ट्रियल आणि टोरांटो पार्कहर्स्टकडे आणि अमेरिकेतल्या टीम टॉप्सकडे, डेट्रॉइट पुढे पार्कहर्स्टकडे गेलं. त्यामुळे साठच्या दशकाच्या सुरुवातीचा गॉर्डी हाउ हवा असेल तर पार्कहर्स्ट शोधायचं. १९५८-५९ टॉप्सचं ६६ नंबरचं कार्ड म्हणजे बॉबी हलचं रुकी, सेटमधलं शेवटचं कार्ड. पोरं गठ्ठ्याला रबर बँड लावायची त्यामुळे पहिलं आणि शेवटचं कार्ड कायम जास्त मार खाल्लेलं असतं, हे कुठल्याही सेटला लागू. १९६३-६४ ला पार्कहर्स्ट थांबलं. १९६४-६५ ला टॉप्सने उंच कार्डं काढली, त्यांना टॉल बॉइज म्हणतात, नेहमीच्या डब्यांत मावत नाहीत. १९६६-६७ टॉप्सचं ३५ नंबर म्हणजे बॉबी ओरचं रुकी, लाकडी टीव्हीच्या चौकटीचं डिझाइन, आणि त्या तपकिरी कडांवरचा रंग जरा घासला तरी पांढरा कागद दिसतो, म्हणून चांगल्या कडांचं ओर फार महाग.

१९६८-६९ पासून ओ-पी-ची दरवर्षी. १९७१-७२ च्या सेटमध्ये केन ड्रायडन, गी लाफ्लर, मार्सेल डिऑन तिघांचीही रुकी कार्डं. आणि मग १९७९-८०, निळ्या बॉर्डरचा ३९६ कार्डांचा सेट, १८ नंबरला वेन ग्रेट्झ्की. पीएसए या कार्ड तपासणाऱ्या कंपनीने १० पैकी १० ग्रेड दिलेलं हे कार्ड २०१६ मध्ये ४ लाख ६५ हजार अमेरिकन डॉलरला, २०२० मध्ये सुमारे १२.९ लाखाला आणि २०२१ मध्ये ३७.५ लाखाला गेलं. याच सेटमध्ये ५१ वर्षांच्या गॉर्डी हाउचंही कार्ड आहे, त्याच्या शेवटच्या सीझनचं, आणि बॉबी हलचंही. तीन पिढ्या एका पाकिटात. जुन्या कार्डांची रेघ बरेच लोक इथेच ओढतात, आणि मलाही तेच बरोबर वाटतं.

नव्वदच्या दशकातली कार्डं कुणी "जुनी" म्हणून दिली तर घेऊ नका. १९९०-९१ ला चार-पाच कंपन्यांनी इतकी छापली की आजही लोकांच्या बेसमेंटमध्ये न फोडलेले डबे पडलेत.

एक धागा धरा

सगळंच आवडतं आणि सगळंच घ्यावंसं वाटतं, मी पहिल्या वर्षी तेच केलं आणि वर्षअखेर माझ्याकडे दोनशे कार्डं होती ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. धागा एकच धरा. एखादा खेळाडू घ्या आणि त्याचं दर सालचं एक कार्ड जमवा. किंवा एक सेट घ्या आणि तो पूर्ण करा, नवख्यासाठी सत्तरच्या दशकातला ओ-पी-चीचा सेट उत्तम, कारण कॉमन कार्डं, म्हणजे फारसं नाव नसलेल्या खेळाडूंची, डॉलर-दोन डॉलरला मिळतात आणि शोधण्याची मजा पूर्ण मिळते. किंवा एखादा विषय घ्या, माझ्या ओळखीतल्या एकांनी फक्त मास्क न घातलेले गोलकीपर जमवलेत. जाक प्लांटने १ नोव्हेंबर १९५९ ला तोंडावर पक, म्हणजे खेळायची रबराची चकती, बसून टाके पडल्यावर मास्क घालूनच परत येईन असा हट्ट धरला, त्याआधीच्या गोलकीपरांचे ते उघडे चेहरे एका पानावर ओळीने बघताना अंगावर काटा येतो.

मी टिम हॉर्टन धरला. त्याचे शेवटचे काही सीझन रेंजर्स, पिट्सबर्ग आणि बफेलोकडे गेले, १९७४ मध्ये गाडीच्या अपघातात गेला. रुकी महाग आहे, ते सगळ्यात शेवटी घेईन. पण साठच्या दशकाच्या शेवटची आणि सत्तरची हॉर्टनची कार्डं झिजलेली असतील तर पंधरा-वीस डॉलरमध्येही मला मिळालीत.

कार्ड वाचायला शिका

कार्डाची अवस्था चार गोष्टींवर ठरते. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि सेंटरिंग, म्हणजे चित्र चौकटीत मधोमध छापलंय की एका बाजूला सरकलंय. कोपरे सगळ्यांना दिसतात, त्यामुळे सगळे कोपरेच बघतात आणि बाकीचं सुटतं. कार्ड हातात घेऊन दिव्याखाली तिरकं करा, हळूहळू फिरवा, सरळ बघताना अजिबात न दिसणारी बारीक सुरकुती तिरक्या उजेडात लख्ख दिसते. खोडलेली पेन्सिल पण अशीच दिसते, अक्षरं जातात पण दाबाचा खड्डा राहतो. मग उलटं करून मागची बाजू बघा, पाकिटाच्या मेणकागदाचा डाग, आतल्या च्युइंगमचा डाग, अल्बममध्ये चिकटवलं असेल तर उखडलेला कागद. मागे थोडा कागद गेला असेल आणि पुढून कार्ड सुंदर असेल तर किंमत खूप उतरते, आणि माझ्या मते नवख्याने अशीच कार्डं घ्यावीत, कमी पैशात देखणं कार्ड.

ओ-पी-चीची एक खासियत सांगते. त्यांचे गठ्ठे तारेने कापले जायचे, त्यामुळे कडा खरखरीत, तंतू निघालेल्या असतात. नवीन माणूस म्हणतो हे काय खराब कार्ड. खराब नाही, ते तसंच कारखान्यातून आलंय, उलट सत्तरच्या ओ-पी-चीची कड ब्लेडने कापल्यासारखी गुळगुळीत दिसली तर मी दोनदा बघते. चेकलिस्टच्या कार्डावर पोरं पेनाने खुणा करायची, म्हणून कोऱ्या चेकलिस्टला चांगला भाव असतो. सायकलच्या चाकात अडकवून फटफट आवाज काढायला पण हीच कार्डं वापरायचे, आपण नाही का पत्ते लावायचो, तशी मधून वाकलेली कार्डं डब्यांमध्ये हमखास सापडतात.

ग्रेडचे आकडे १ ते १० असतात. ८ च्या पुढे किंमत पायऱ्यांनी नाही, उड्या मारत चढते. माझा सल्ला, ३-४ च्या आसपासची कार्डं घ्या. पोरांनी खेळलेली दिसतात, पण चेहरा स्वच्छ असतो.

फसवणूक कशी ओळखायची

फसवणूक तीन प्रकारची. पहिली सरळ नकली कार्डं, ग्रेट्झ्की रुकीची तर ढिगाने आहेत. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनारांकडे असतं तसलं. जुन्या छपाईत फोटो ठिपक्यांचा बनलेला असतो, पण नाव, नंबर, काळ्या रेघा या सलग शाईच्या असतात. खऱ्या कार्डाचा स्कॅन काढून छापलं की अक्षरंसुद्धा ठिपक्यांची होतात आणि कडा फुसक्या दिसतात. ग्रेट्झ्कीचं आणखी एक, ओ-पी-चीच्या कार्डाच्या मागे इंग्लिश आणि फ्रेंच दोन्ही भाषा असतात, टॉप्सच्या मागे फक्त इंग्लिश. दोन्ही खरी आहेत, पण टॉप्स बरंच स्वस्त, तेव्हा ओ-पी-ची म्हणून टॉप्स गळ्यात पडू देऊ नका. युद्धाआधीच्या कार्डांसाठी छोटा यूव्ही टॉर्च ठेवा, नंतरच्या काळातल्या कागदात चकाकी आणणारं रसायन असतं ते निळसर पांढरं चमकतं, १९२०-३० चं म्हणून दिलेलं कार्ड अंधारात ट्यूबलाइटसारखं चमकलं तर परत ठेवून द्या.

दुसरी, खरी पण नंतरची कार्डं. १९५६-५७ ला पार्कहर्स्टचा सेट निघालाच नव्हता, म्हणून १९९३-९४ मध्ये मिसिंग लिंक नावाने तो "राहिलेला" सेट जुन्या धाटणीत काढला. छान आहे, पण नव्वदचा आहे. अनुभव नसलेला विक्रेता अगदी भाबडेपणाने ५६ सालचं म्हणून देतो. टॉल बॉइजचीही तशीच नव्वदमधली आवृत्ती आहे.

तिसरी सगळ्यात वाईट, कापलेली कार्डं. गोल झालेला कोपरा ब्लेडने कापून टोकदार करायचा. मी स्वतः यात अडकलेय. कार्डांच्या एका शोमध्ये १९६२-६३ पार्कहर्स्टचं गॉर्डी हाउ दिसलं, कोपरे सुरेख, भाव अपेक्षेपेक्षा कमी, विकणारा घाई करत होता, दुसरं गिऱ्हाईक येतंय म्हणाला, आणि मी पैसे देऊन मोकळी झाले. घरी येऊन त्याच सेटच्या एका साध्या कार्डावर ठेवलं तर एका बाजूने पाऊण मिलिमीटर कमी. कड पांढरीशुभ्र, बाकीच्या तीन कडा पिवळसर. त्या रात्री झोप लागली नाही, पैशापेक्षा त्या कार्डाला कुणीतरी ब्लेड लावलं याचं जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून मी प्रत्येक सेटचं एक स्वस्त कॉमन कार्ड मापाला म्हणून पर्समध्ये घेऊन जाते, महागाच्या कार्डावर अलगद ठेवायचं, चारही बाजू बघायच्या, मगच बोलायचं. आणि घाई करणाऱ्याकडून काहीही घेत नाही. बेसबॉलमधलं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध कार्ड, होनस वॅगनरचं, १९९१ मध्ये पीएसएने ८ ग्रेड दिलेलं, ते आधी कापलेलं होतं हे ते विकणाऱ्याने २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं. म्हणजे तज्ज्ञांच्याही नजरेतून सुटतं, तेव्हा प्लास्टिकच्या पेटीवरच्या ग्रेडच्या आकड्यावर आंधळा विश्वास नको.

घ्यायचं कुठे

मोठे शो सगळ्यात उत्तम, कारण कार्ड हातात धरता येतं. मिसिसॉगात एअरपोर्टजवळच्या इंटरनॅशनल सेंटरमध्ये स्पोर्ट कार्ड एक्स्पो वर्षानुवर्षं भरत आलाय, वसंतात एकदा आणि नोव्हेंबरच्या सुमाराला एकदा, पण तारीख-ठिकाण जाण्याआधी बघून घ्या. छोटे शो माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये, कम्युनिटी सेंटरमध्ये रविवारी सकाळी असतात, तिथली म्हातारी मंडळी फार प्रेमाने शिकवतात. फक्त थोडी रीत पाळायची. उचलण्याआधी विचारायचं, कार्ड कडांनी धरायचं, टेबलावर कॉफीचा कप ठेवायचा नाही, आणि दुसरा माणूस सौदा करत असेल तर मध्ये तोंड घालायचं नाही. घासाघीस चालते, पण आपल्या मंडईतली नाही, अर्ध्यावरून सुरू केलंत तर तो माणूस मान फिरवेल. पाच-सहा कार्डं एकत्र काढायची आणि "सगळी मिळून किती घ्याल" असं विचारायचं, रोख द्यायची, दहा-वीस टक्के आरामात सुटतात. शेवटच्या दिवशी दुपारी गेलात तर आणखी, सामान परत न्यायचा त्यांनाही कंटाळा असतो.

किजिजी आणि फेसबुक मार्केटप्लेस या जुन्या वस्तू विकायच्या साइटवर घरातले जुने डबे येतात. तिथे माल सरस मिळू शकतो, पण सार्वजनिक जागी भेटा आणि फोटोवरून पैसे आधी पाठवू नका. ऑनलाइन घेताना चारही कोपऱ्यांचा आणि मागचा फोटो मागा, देत नसेल तर सोडून द्या. अमेरिकेतून मागवताना पोस्टेज, टॅक्स, डॉलरचा भाव सगळं धरून हिशेब करा. भारतातून कुणी जमवत असेल तर कुरिअर आणि कस्टम मिळून कार्डापेक्षा महाग पडू शकतं, इथल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर गोळा करा आणि कुणी येईल-जाईल तेव्हा न्या.

ग्रेडिंग करायचं का

पीएसए, एसजीसी, बेकेट या अमेरिकेतल्या आणि केएसए ही कॅनडातली, या कंपन्या कार्ड तपासून आकडा देतात आणि प्लास्टिकच्या पेटीत सील करतात, तिला स्लॅब म्हणतात. पहिल्या वर्षी स्वतः काही पाठवू नका. दर कार्डामागे फी, जायचं-यायचं पोस्टेज, इन्शुरन्स, वीस डॉलरच्या कार्डाला हे परवडत नाही. पण महागडं कार्ड विकत घेताना, म्हणजे ओर, हल, ग्रेट्झ्की, १९५१-५२ ची मोठी नावं, ग्रेड केलेलंच घ्या, आणि स्लॅबवरचा नंबर त्या कंपनीच्या साइटवर टाकून तपासा, कारण स्लॅबही नकली निघतात.

जपायचं कसं

आधी पातळ प्लास्टिकची स्लीव्ह, मग कडक प्लास्टिकचा टॉपलोडर. स्लीव्हशिवाय थेट टॉपलोडरमध्ये सरकवू नका, कोपरा तिथेच दुमडतो. १९५१-५२ ची छोटी कार्डं नेहमीच्या टॉपलोडरमध्ये खुळखुळतात, त्यांच्यासाठी छोट्या मापाच्या स्लीव्ह मिळतात. अल्बम घ्यायचा तर नऊ खणांची पानं, पीव्हीसी नसलेली, आणि डी आकाराच्या रिंगचा बाइंडर, गोल रिंगमध्ये पहिल्या पानाची कार्डं वाकतात. रबर बँड आणि सेलोटेप घरात असू दे, कार्डांजवळ नको.

इथली खरी शत्रू म्हणजे बेसमेंटची ओल. उन्हाळ्यात डीह्युमिडिफायर नसेल तर कार्डं वर, बाहेरच्या भिंतीला न चिकटलेल्या कपाटात ठेवा. उजेडही नको. भिंतीवर फ्रेम लावली आणि दोन वर्षांत लीफ्सचा निळा राखाडी झाला, असं एका मैत्रिणीच्या घरी बघितलंय. पुसायला, सरळ करायला, रंग भरायला जाऊ नका, जसं आलं तसं राहू दे.

आणि वही ठेवा. कार्ड, साल, नंबर, कुणाकडून, कधी, कितीला. माझ्या वहीत शेवटचा रकाना आहे, हे का घेतलं. मुलगा हल्ली तोच रकाना आधी वाचतो.

पहिले शंभर डॉलर

मला कुणी आज शंभर डॉलर देऊन नव्याने सुरू कर म्हटलं तर मी असं करेन. वीस डॉलरचं भिंग, स्लीव्ह आणि टॉपलोडर. वीस-पंचवीस डॉलरमध्ये सत्तरच्या दशकातल्या एकाच ओ-पी-ची सेटची डझन-दीड डझन कॉमन कार्डं, म्हणजे कागद, वास, तारेने कापलेली कड हे सगळं बोटांना कळेल. दहा-पंधराला साठच्या सुरुवातीचं पार्कहर्स्टचं एखादं झिजलेलं कॉमन, तेच पुढे मापाला उपयोगी पडेल. पंधरा-वीसला एक बी-हाइव्ह फोटो. आणि उरलेल्यात टिम हॉर्टन, कुठल्याही सालचा, कोपरे गोल असले तरी चालतील, मागे पेन्सिलीची खूण असली तर उत्तमच.